सानपांची पहिली खेप

“चावी मिळायची नाही,” सानप म्हणाले, आणि केबिनचे दार त्यांनी आतून ओढून घेतले.

खाली बोडके साहेब उभे होते. आमच्या गोदामाचे ते सुपरवायझर. त्यांनी कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि सिन्नरच्या त्या भणाणत्या वाऱ्यालाही ऐकू जावे अशा आवाजात म्हटले, “मग माल उतरायचा नाही. गाडी बाजूला घ्या, मागचा येऊ द्या.”

“बाजूला? कुठं घिऊ बाजूला? आभाळात?”

सानपांचे म्हणणे चूक नव्हते. त्यांचा ट्रेलर पाठमोरा येऊन डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या उंच ओट्याला, टेकला होता. पलीकडच्या अंगाला नव्या शेडच्या पायासाठी खड्डे खणलेले होते आणि त्यांच्या कडेला मुरमाचा मोठा ढीग पडला होता. आवारात गाडी उभी करायला दुसरी जागाच नव्हती. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने बाकीचे ट्रेलर रांगेत खोळंबले होते, आणि त्यांचे हॉर्न आता एकेकटे न वाजता एकदम वाजू लागले होते.

“सानपदादा, लग्न लावताय का गाडीशी?” रांगेतला दत्तू कांगणे फाटकातून ओरडला. “लवकर मंगलाष्टकं म्हणा, आम्हाला जेवायला जायचंय!”

हमाल हसले. सानप हसले नाहीत. मीही हसलो नाही. त्या काळात लोकांबरोबर हसणे मला जमत नसे. सगळे हसून झाल्यावर, एकटा असताना मला हसू येई.

आमच्या गोदामात एक रीत होती. ट्रेलर डॉकला लागला की ड्रायव्हरने चावी काढून द्यायची. ती कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जाई, कपाटाला कुलूप लागे, आणि माल उतरल्यावरच ती परत मिळे. फोर्कलिफ्ट ट्रेलरच्या पोटात असताना कुणी गाडी पुढे काढू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण हेतू कुणाला दिसत नाही. दिसते ती मागणी. चावी हातातून गेली की त्या माणसाचा सारा रुबाब जाई. गाडीत बसता येत नसे, आवारात थांबता येत नसे. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर धूळ खात, कुणी हाक मारण्याची वाट पाहत तो बसून राही. आणि आमची माणसेही काही संत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत कपाट बंद, साहेब बैठकीत असले की कपाट बंद. दोन्ही बाजूंनी एकमेकांना घातलेल्या शिव्या त्या आवाराच्या भिंतींनी मुकाट्याने जमा करून ठेवल्या होत्या.

चाव्या मागण्याचे काम माझ्याकडे होते. मराठीत पदवी घेऊन मी तिथे कारकून झालो होतो, आणि बोडके साहेबांनी मला पाहताक्षणी ठरवले होते. “तुझ्याशी कोण भांडणार? तू चावी मागितलीस की समोरच्याला वाटतं, आपण भिक्षा घालतोय.”

त्या सकाळी मात्र माझे मागणेही चालले नव्हते.

कारण तो ट्रेलर सानपांचा स्वतःचा होता. पाथर्डीकडचा हा माणूस उभे आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या हाकत आला होता, आणि आज प्रथमच स्वतःच्या गाडीतून माल घेऊन आला होता. गाडी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. पण तिला नवा निळा रंग दिला होता, समोर झेंडूचा हार होता आणि काचेवर ‘मोहटादेवी प्रसन्न’ अशी ताजी अक्षरे होती. फाटकाशी नोंद करताना त्यांनी मला न विचारताच सांगितले होते, “मालक म्हणून ल्हिवा. ड्रायव्हर न्हाई. मालक.” आणि ‘मालक’ हा शब्द मी लिहीपर्यंत ते माझ्या बोटांकडे टक लावून पाहत राहिले होते.

“माझ्या बायकुनं निघताना ह्या चावीला हळदकुंकू वाहिलंय,” सानप आता केबिनच्या खिडकीतून बोलत होते. “आन् तुम्ही ती कपाटात टाकणार. जिथं वीस जणांच्या चाव्या पडत्यात तिथं. आज एक दिवस ऱ्हाऊ द्या. मी खाली उतरतो, हातपाय बांधून बसवा मला. पण चावी मागू नका.”

“नियम सगळ्यांना सारखा,” बोडके साहेब म्हणाले.

“नियम!” सानपांचा आवाज चढला. “मागल्या खेपेला तुमच्या ह्या गफूरनं फोर्क घालून पत्रा फाडला मी चालवत होतो त्या गाडीचा. तवा कुठं होता नियम? मालकानं मला चारचौघांत झाडलं.”

गफूरभाई आमचे फोर्कलिफ्ट चालवणारे. पांढरी होत आलेली दाढी, तोंडात सतत बडीशेप. ते आपल्या यंत्रावर बसून शांतपणे सारे ऐकत होते. आता मात्र त्यांनी बडीशेप थुंकली.

“पत्रा? तो पत्रा नव्हता, पापड होता, पापड! बघितलं तरी फाटला असता. आणि आज ही नवी नवरी घेऊन आलाय. मी हिच्या अंगाला बोट लावणार नाही, साहेब. आत जाईन, माल काढीन, संपलं. उद्या म्हणेल, गफूरनं कुंकू पुसलं.”

“तोंड सांभाळून बोल!”

“तू गाडी सांभाळ!”

बोडके साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा अर्थ मला कळत असे. मी पायरीवर पाय देऊन केबिनच्या खिडकीशी चढलो. आत उदबत्तीचा वास होता. सानपांनी स्टेअरिंग घट्ट धरून ठेवले होते. रागाने नव्हे, हे इतक्या जवळून मला कळले. आयुष्यात प्रथमच हाती आलेली वस्तू पहिल्याच खेपेला कुणी मागावी, तेव्हा माणूस ती अशी धरून बसतो.

“सानपदादा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. “मी ती कपाटात ठेवणार नाही. माल उतरेपर्यंत माझ्या हातात ठेवतो. तुम्ही टपरीवरून पाहा. मी इथं डॉकच्या कडेलाच, तुमच्या नजरेसमोर उभा राहतो.”

त्यांचा हात चावीकडे गेला.

“हातात?”

“हातात.”

“खिशात सुदिक न्हाई?”

“खिशातसुद्धा नाही.”

त्यांनी चावी काढली. तिच्या मुठीला खरोखरच कुंकू लागलेले होते. ती माझ्या तळहातावर ठेवून ते खाली उतरले आणि बोडके साहेबांपुढे जाऊन म्हणाले, “घ्या. आता गाडी तुमची. तिचं काय बघायचं ते तुम्हीच बघा.” मग मागे वळून न पाहता ते फाटकाबाहेर टपरीकडे चालते झाले. रांगेतले हॉर्न थांबले. दत्तूने टाळ्या वाजवल्या.

“कपाट?” साहेबांनी मला विचारले.

“माझ्याजवळ राहू द्या, साहेब.”

ते काहीतरी बोलणार होते. पण ऊन चढत होते आणि रांग लांब होती. त्यांनी हात झटकला. “चला, गफूर!”

ट्रेलरमध्ये मोरबीच्या फरशा होत्या. लाकडी पाटांवर रचलेली, पट्ट्यांनी आवळलेली जड खोकी. डॉक आणि ट्रेलर यांच्यामधल्या फटीवर जाड लोखंडी पत्रा टाकलेला असे. त्यावरून धडाड् असा आवाज करीत फोर्कलिफ्ट आत जाई, एक पाट उचली आणि मागे मागे येत बाहेर पडे. मी कबूल केल्याप्रमाणे डॉकच्या कडेला उभा होतो. मुठीत चावी होती. टपरीवरून सानप पाहत होते, आणि मी अधूनमधून मूठ किंचित उघडून त्यांना ती दाखवत होतो. एकदा त्यांनी चहाचा पेला उंचावला. मला वाटले, आपल्याला आज एका माणसाची खरी ओळख झाली. अशा ओळखी माझ्या वाट्याला फार येत नसत. आल्या की त्या मी उराशी धरून बसे.

गफूरभाई पुन्हा आत गेले. ट्रेलरच्या अंधारातून त्यांच्या यंत्राचा ब्रेक करकरला, आणि त्या झटक्यासरशी मला काहीतरी विचित्र दिसले. लोखंडी पत्र्याची ट्रेलरवर टेकलेली कड मघापेक्षा अरुंद झाली होती. मी डोळे चोळले. पत्रा सरकत नव्हता. ट्रेलर सरकत होता.

क्षणभर ते इतके हळू होते की खरे वाटू नये. मग पत्रा सुटला आणि खालच्या सिमेंटवर असा कोसळला की सारे आवार दणाणले.

“गाडी चालली!” कुणीतरी किंचाळले.

“ठोकळे! चाकाखाली ठोकळे नाहीत!”

आमचे आवार डॉकपासून फाटकाकडे उतरते होते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून दिलेला तो उतार चालताना जाणवतही नसे. पण भरल्या ट्रेलरला तो पुरेसा होता. जुन्या गाडीची ब्रेकमधली हवा इंजिन बंद असताना निघून गेली होती, आणि एकट्या हँडब्रेकने तेवढे ओझे पेलले नाही. आतून गफूरभाईंची आरोळी आली, आणि पाठोपाठ फरशांची खोकी कोसळल्याचा आवाज.

“पाय! माझा पाय अडकला!”

फाटक सताड उघडे होते. फाटकासमोर टपरी होती. टपरीवर पंधरावीस माणसे हातात पेले घेऊन बसलेली होती.

मी ओरडलो. काय ओरडलो हे मला आठवते, कारण इतक्या मोठ्याने मी त्यापूर्वी काहीच म्हटलेले नव्हते.

“सानप! गाडी! गाडी आली!”

आणि मी डॉकवरून उडी मारून धावत सुटलो. माझ्या शेजारून निळा पत्रा सरकत होता, आणि वेग घेत होता. बोडके साहेब कुठूनसा एक ठोकळा घेऊन पुढच्या चाकापाशी पोचले, त्यांनी तो वाकून चाकाखाली फेकला, आणि चाकाने तो फळाची बी थुंकावी तसा बाजूला उडवला. त्यांनी दुसरा फेकला. तोही उडाला. साहेब पालथे पडले, उठले आणि पुन्हा धावू लागले. हमाल हाताला येईल ते चाकांपुढे टाकीत होते: दगड, पाट, एकाने तर डोक्यावरची चुंबळसुद्धा. बाहेर दत्तू कांगणेने आपल्या ट्रेलरचा हॉर्न दाबून धरला होता आणि खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो बोंबलत होता, “पळा रे! टपरी सोडा! पेले टाका, भाड्यांनो, जीव वाचवा!”

समोरून सानप येत होते. त्या वयाचा, त्या शरीराचा माणूस असा धावू शकतो यावर माझा विश्वास बसला नसता. येणाऱ्या गाडीच्या अगदी तोंडापुढून ते बाजूला झाले, त्यांनी आरसा धरला, पाय पायरीवर घातला आणि एका हाताने दार उघडून ते आत लोंबकळले.

“चावी!”

मी धावत होतो. हात वर केला होता. आमच्यामध्ये वीतभर अंतर उरले होते आणि ते काही केल्या मिटत नव्हते.

“फेकू नका!” ते ओरडले. “हातात द्या! हातात!”

त्यांनी खाली झुकून माझे मनगटच पकडले. क्षणभर ती गाडी मला फरफटत घेऊन चालली होती. पाय जमिनीला लागत होते आणि लागतही नव्हते. मग त्यांच्या बोटांनी माझ्या मुठीतून चावी उपटून घेतली आणि मला ढकलून दिले. मी धुळीत पडलो. पडल्यापडल्या इंजिन धडधडले ते ऐकले.

इंजिन सुरू झाले, तरी हवा भरायला वेळ लागणार होता. ब्रेक लागणार नव्हता. पण स्टेअरिंग त्यांच्या हाती आले होते. फाटकातून सरळ सुटले असते तर गाडी बहुधा वाचली असती. रस्त्यापलीकडे मोकळे रान होते, चढ होता. मधे फक्त टपरी होती, आणि तिच्यातून अजून माणसे बाहेर पडत होती. डावीकडे मुरमाचा ढीग होता, आणि ढिगामागे खड्डे.

मी धुळीतून पाहिले. सानपांनी क्षणाचाही विचार केला नाही. ज्या गाडीची चावी ते कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हते, ती गाडी त्यांनी दोन्ही हातांनी डावीकडे वळवली. निळी केबिन मुरमात घुसली, ढीग फोडून पुढे गेली आणि पलीकडच्या खड्ड्यात नाक खुपसून थांबली. काच फुटली. लाल धुळीचा लोट उठला आणि वाऱ्याने तो आमच्या सगळ्यांच्या अंगावर आणून टाकला. मागचा डबा मुरमात रुतून हळूहळू, एखादे दमलेले जनावर बसावे तसा, थांबला होता.



मग आतून गफूरभाईंचा आवाज आला. “अरे सानप! मढं उचलायची गाडी आणलीस का रे? ही फरशी काढा कुणीतरी पायावरून!”

आणि सारे आवार एकदम ओरडू लागले. हमाल आत चढले, रांगेतले ड्रायव्हर आत चढले. ज्यांनी सकाळपासून एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या होत्या, ते आता साखळी करून फरशांची खोकी हातोहात बाहेर देत होते. गफूरभाईंना दोघांनी खांद्यावर उचलून आणले. पाऊल सुजले होते, पण जागच्या जागी होते. सानप केबिनमधून स्वतःच उतरले. कपाळावर काच लागली होती. ते गाडीसमोर गेले आणि तिच्याकडे पाहत मुरमावर बसले. पुढचा सांगाडा वाकला होता, चाक आडवे झाले होते. देवीचे नाव लिहिलेली काच खाली विखुरली होती. त्यांनी तिचे दोनतीन तुकडे उचलले, ते एकमेकांना जुळतात का पाहिले, आणि ठेवून दिले.

गफूरभाई लंगडत त्यांच्या शेजारी आले, बसले. बडीशेपेची डबी पुढे केली. सानपांनी थोडी घेतली.

मी त्यांच्यापासून थोडा दूर उभा होतो. ज्याच्या आयुष्यातली पहिली स्वतःची वस्तू पहिल्याच खेपेत मोडली, त्याला काय सांगायचे असते?

बोडके साहेबांच्या गुडघ्यातून रक्त येत होते. फोन कानाला लावून ते मुख्य कार्यालयाशी बोलत होते. पलीकडे मोठे साहेब होते, एवढे त्यांच्या ताठ उभे राहण्यावरून कळत होते. आता काय होणार, ते आम्हा सर्वांना ठाऊक होते. असे काही घडले की गोदाम म्हणे ड्रायव्हरची चूक, ड्रायव्हर म्हणत गोदामाची, आणि ज्याच्या पाठीशी कुणी नसेल त्याच्यावर ती जाऊन बसे. सानपांच्या पाठीशी कुणीच नव्हते. आता तर ते मालक होते.

“नाही साहेब,” बोडके म्हणत होते. “ड्रायव्हरची नाही. गाडी आमच्या ताब्यात होती. ठोकळे लावायचे आम्ही. ट्रेलरबरोबर क्लीनर नसला की आमचाच माणूस लावतो, रोज लावतो. आज लावले नाहीत. चूक आपली आहे.”

मी चमकून त्यांच्याकडे पाहिले. दगडासारखा वाटणारा तो माणूस गुडघा चोळत होता.

“अहो!” मुरमावरून सानप ओरडले. “आसं कसं म्हणता? ठोकळे मी बी लावू शकत होतो. रागानं न्हाई लावले. तुम्हीच बघा म्हणून निघून गेलो. निम्मी माझी सांगा त्यांना!”

“गप बसा हो, फोनवर बोलतोय मी.”

“गप काय? मपली गाडी हाय, चूक बी मपली हाय!”

“चूक तुझ्या बापाची आहे का?” गफूरभाई मधे पडले. “ठोकळे लावतो मी, ते माझ्या पायाशी पडले होते. मी बोट लावणार नाही म्हटलं. तू कोण निम्मी घेणारा?”

“तू तर बोलूच नको! आत मेला असतास!”

“मेलो असतो तर माझा मी मेलो असतो!”

“ए, शांत व्हा!” बोडके गरजले. “सुपरवायझर मी आहे. चूक माझी आहे म्हटल्यावर माझी आहे!”

“लई आले चूकवाले!” दत्तू गर्दीतून म्हणाला. “आम्हाला बी ठेवा थोडी. हॉर्न वाजवून घाई आम्हीच केली.”

सगळे एकदम बोलू लागले. सकाळचेच आवाज, तेच चढलेले सूर, तीच उगारलेली बोटे. बोडके साहेबांनी वैतागून फोन माझ्या हातात कोंबला आणि ते भांडायला मोकळे झाले.

“हॅलो? कोण बोलतंय?” पलीकडून विचारणा झाली.

“मी... श्रीरंग. कारकून.”

“काय गोंधळ चाललाय तिथं?”

“ते भांडतायत, साहेब.”

“कशावरून?”

“चूक कुणाची यावरून.”

“म्हणजे नेहमीचंच.” पलीकडे सुस्कारा ऐकू आला.

“नाही, साहेब,” मी म्हणालो. मला जाणवले की माझा आवाज कापत नाही. “आज प्रत्येक जण ती स्वतःची म्हणतोय. आणि ज्यांची गाडी मोडली, ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणतायत. समोर टपरीत माणसं होती, साहेब. ती वाचावीत म्हणून त्यांनी गाडी खड्ड्यात घातली. आज तिची पहिली खेप होती.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मी फोन कानाशी धरून उभा राहिलो. त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षे लोटली; पुढे अनेक ठिकाणी अनेक मोठ्या माणसांपुढे बोलण्याची वेळ माझ्यावर आली. पण एवढी लांब शांतता न डगमगता सोसणे मला पुन्हा कधी जमले नाही.

“कुठल्या गॅरेजला नेताय?” अखेर त्यांनी विचारले. “बिल गोदामाच्या नावावर घ्या.”

“सिन्नरलाच, साहेब,” मी म्हणालो, आणि वळून पाहिले. भांडण न थांबवताच बोडके साहेबांनी गाडी ओढून काढायच्या लोखंडी साखळीचे एक टोक खांद्यावर घेतले होते, दुसरे दत्तू आपल्या ट्रेलरला अडकवत होता, आणि सानप व गफूरभाई एकमेकांना बाजूला ढकलीत साखळीला हात घालायला तिसरी जागा शोधत होते.

“आम्ही नेतो आहोत,” मी म्हणालो.